वाडग्याखालचा उजेड

आमच्या स्वयंपाकघरातला पीठ भिजवायचा मोठा प्लॅस्टिकचा वाडगा ज्या दिवशी नाहीसा झाला, त्या दिवसापासून मी जावयावर नजर ठेवायला लागलो. वाडगा काही सोन्याचा नव्हता. पण घरातली वस्तू न विचारता जागेवरून हलली, की तिच्या मागोमाग आणखी काहीतरी हलतं, असा माझा आजवरचा अनुभव आहे. लेकीला विचारलं तर ती म्हणाली, त्याला हवा होता. कशाला हवा होता, ते काही तिला नीट सांगता येईना.

दोन दिवसांनी वाडगा सापडला. माझ्याच स्टुडिओत, माझ्याच टेबलावर, पालथा. बुडाला मुठीएवढं भोक पाडलेलं, आतून फळ्याला फासतात तो काळा रंग लावलेला, आणि त्या काळ्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढे अठ्ठेचाळीस दिवे ओळींनी चिकटवलेले. बाहेर वायरींचा हा गुंता. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, असं मी पुटपुटलो, पण ते ऐकायला तिथे कोणी नव्हतं.

मी फोटोग्राफर आहे. माणसांचे फोटो मी काढत नाही, माणसं हलतात आणि वर नाकंही मुरडतात. गेली सदतीस वर्षं मी बारक्या वस्तूंचे फोटो काढतो: अंगठ्या, पदकं, घड्याळांची चक्रं, जुनी नाणी. या धंद्यात कॅमेऱ्याला फार किंमत नसते, सगळा खेळ उजेडाचा. उजेड नेहमी डावीकडून आणि वरून सोडायचा, हे पहिल्याच दिवशी शिकवतात, आणि मग तो कसा वळवायचा हे शिकण्यात आयुष्य जातं. माझ्याकडे दोन दिवे, एक फुटक्या आरशाचा तुकडा आणि थोडा पातळ कागद एवढंच आहे, आणि तेवढ्यावर मी नाव कमावलं.

स्वभावाचं म्हणाल, तर मी संशयी आहे, हे लपवत नाही. तरुणपणी एका भागीदाराने माझी चांगली लेन्स काढून तिच्या जागी तशीच दिसणारी भिकार लेन्स बसवली होती. मला ते तीन महिन्यांनी कळलं, तोवर तो पसार झाला होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकून पितो.

जावई एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. कारखाना बंद पडला, दीड वर्ष झालं तरी दुसरं काम मिळेना, तेव्हा ती दोघं माझ्या वरच्या मजल्यावर राहायला आली. जावई म्हणजे दहावा ग्रह. बाकीचे नऊ निदान आपापल्या कक्षेत तरी फिरतात, हा थेट डोक्यावर येऊन बसला. तोंडावर मी त्याला जावईबापू म्हणतो, अहोजाहो करतो. मनातल्या मनात अरेतुरे. मनावर कोणाची सत्ता?

पण लेक घरी आली याचा मला केवढा आनंद झाला होता, ते मी तिलाही कधी सांगितलं नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली. सहा वर्षं त्या घरात माझ्या चपलांखेरीज कसलाही आवाज नव्हता. आता सकाळी जिन्यावरून पावलं वाजायची, कोणीतरी मला न विचारता चहात साखर कमी घालायचं.

ते टिकेल की नाही, हे एका पेटीवर ठरणार होतं. आमच्याकडे एक छोटं संग्रहालय आहे. तिथल्या बाई मला तीस वर्षं ओळखतात, पूर्वी तिथलं सगळं काम मीच करायचो. त्यांच्याकडे चाळीस दगडी शिक्के होते, अंगठ्याच्या नखाएवढे. प्रत्येकावर चित्र खोदलेलं, इतकं बारीक, की एका बाजूने उजेड टाकावा तर पंख दिसतात आणि पाय गडप होतात, दुसऱ्या बाजूने टाकावा तर उलटं. माझ्या पद्धतीने एकेका शिक्क्याला अर्धा दिवस लागला असता. शिवाय माझा हात हल्ली थरथरतो. बाईंनी ते ओळखलं होतं. म्हणून जावयाने त्यांना वाडग्याची कल्पना सांगितली, तेव्हा त्या लगेच तयार झाल्या. चाळीस शिक्के नीट झाले, तर पुढे संग्रहालयातल्या दोन हजार वस्तूंचं काम, आणि त्यासाठी कायमची नोकरी. नाही झाले, तर दीड दिवसाच्या प्रवासावरच्या एका शहरात कुठलीशी कंपनी त्याला घ्यायला तयार होती. तो गेला की लेकही जाणार.

म्हणजे हे काम नीट व्हायची गरज माझ्याइतकी कोणालाच नव्हती. आणि ते बिघडवायला मीच निघालो.

वाडग्याची युक्ती मला त्याने तीनदा समजावून सांगितली. शिक्का टेबलावर ठेवायचा, वर वाडगा पालथा घालायचा, भोकातून कॅमेऱ्याचा डोळा खाली बघणार. सगळ्यावर काळं कापड. मग एका स्वस्तातल्या सर्किट बोर्डाच्या हुकमावरून एकेक दिवा लागतो आणि एकेक फोटो निघतो. अठ्ठेचाळीस दिवे, अठ्ठेचाळीस फोटो, चहा निवायच्या आत काम संपतं. कोणता दिवा कुठे आहे हे कॉम्प्युटरला आधीच सांगून ठेवलेलं असतं, त्यावरून तो दगडावरचा चढउतार ओळखतो. शेवटी पडद्यावर एकच चित्र येतं, पण त्यावर माउस फिरवला की उजेड फिरतो. हातात दिवा धरून शिक्क्याभोवती फिरवल्यासारखा. शेजारी वाटाण्याएवढा एक काळा चकचकीत मणी ठेवायचा, लेकीच्या जुन्या माळेतला. दिव्याची चमक मण्यावर कुठे पडली त्यावरून उजेड खरोखर कुठून आला ते कळतं, म्हणे. मी मान डोलावली.

पहिल्यांदा मी तो माउस फिरवला, तेव्हा दगडातला घोडा चालल्यासारखा वाटला. सदतीस वर्षांत जे मी हातांनी केलं, ते एका पिठाच्या वाडग्याने, जुन्या कॉम्प्युटरने आणि सजावटीच्या दिव्यांच्या माळेने केलं होतं. मला ते आवडलं आणि म्हणूनच पटेना. एवढ्या स्वस्तात एवढं चांगलं काम होत असेल, तर कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला हेवा वाटत होता. पण हेव्याला हेवा म्हणायला धीर लागतो, संशय म्हटलं की माणूस शहाणा ठरतो.

मग मला दिसायला लागलं. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं, तसं. एक दिवस त्याच्या टेबलावर दोन बाटल्या दिसल्या. आत पातळ रसायन, एकत्र केलं की काचेसारखं घट्ट होतं. रेझिन म्हणतात त्याला. दिवे जागेवर तिरपे पक्के करायला आणलंय, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्याशेजारी रबराचा एक छोटा साचा दिसला, मधोमध बरोबर शिक्क्याएवढा खळगा. शिक्का कडेला न धरता सरळ उभा राहावा म्हणून, असं तो म्हणाला. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असायचं, आणि ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं अशा माणसावर माझा कधीच विश्वास बसलेला नाही. शिवाय रोज अकराच्या सुमाराला त्याला फोन यायचा. तो उठून जिन्यात जायचा, आवाज खाली आणून बोलायचा. "थोडे दिवस द्या," एवढं एकदा माझ्या कानावर आलं.

रेझिन, साचा, चोरटे फोन आणि पेटीत जुने शिक्के. दोन आणि दोन चार करायला मला कॉम्प्युटर लागला नाही.

शिक्के रोज सकाळी कुलूपबंद पेटीतून यायचे, संग्रहालयाचा शिपाई पेटी घेऊन यायचा आणि काम झालं की तोच परत न्यायचा. सगळ्यात मौल्यवान शिक्का शेवटच्या दिवसासाठी ठेवला होता. गर्द लाल दगड, त्यात खोल कोरलेले दोन पक्षी, समोरासमोर, चोचीला चोच लावून, मध्ये एक रोप. दोन्ही बाजू अगदी एकसारख्या. त्या गुरुवारी सकाळी शिपाई पेटी टेबलावर ठेवून बाहेर बाकावर बसला. बाईंनी मला विश्वासाने दिलेल्या किल्लीने पेटी मी उघडली, शिक्का भिंगाखाली धरून डोळे भरून पाहिला आणि जावयाच्या हातात दिला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने शिक्का परत पेटीत ठेवला, माझ्यासमोरच, आणि जिन्यात गेला.

मी उठलो आणि काळं कापड काढून वाडगा उचलला. आत काही लपवलंय का, दिव्यांच्या मागे काही खोबण वगैरे आहे का, ते बोटांनी चाचपून पाहिलं. रंग आणि दिवे, दुसरं काही नव्हतं. जिन्यात पावलं वाजली तशी मी घाईघाईने वाडगा खाली ठेवला, वर कापड टाकलं आणि खुर्चीत येऊन बसलो. ठेवताना वायर माझ्या कोपराला आडवी येत होती, म्हणून ती उजवीकडे केली. एवढंच.

नंतर मला कागद आणायला बाजारात जावं लागलं. परत आलो तेव्हा काम झालं होतं आणि शिपाई पेटी घेऊन गेला होता. चाळीस झाले, असं जावई लेकीला सांगत होता, आणि ती हसत होती.

शुक्रवारी सकाळी तो नोकरीचे कागद भरायला संग्रहालयात गेला. मी एकटाच होतो. कॉम्प्युटर उघडला आणि त्याने रात्रीत आपोआप जुळवलेलं शेवटचं चित्र पडद्यावर आणलं.

पक्षी वर आले होते. दगडात खोल खोदलेले दोन पक्षी आता फुगून बाहेर आलेले दिसत होते, पोट, चोच, रोपाची पानं, सगळं उठावदार. शिक्क्यात जे खोल असतं ते ठशात वर येतं, हे लहान मूलही सांगेल. मेणावर शिक्का दाबा, पक्षी वर येतात. म्हणजे वाडग्याखाली ठेवलेली वस्तू शिक्का नव्हतीच. तो रेझिनमध्ये घेतलेला, लाल रंग दिलेला ठसा होता. मी उजेड वर नेला, खाली नेला, माउस घामाने ओला झाला, पक्षी काही आत जाईनात. आधीचे शिक्के उघडून पाहिले. सगळे खोल, जसे असायला हवेत तसे. फक्त हा एक, सगळ्यात किमती.

जावयाला विचारावं, असं एकदा मनात आलं. पण तो काहीतरी समजावून सांगेल, ते मला कळणार नाही आणि मी मान डोलावेन, हेही मला माहीत होतं. शिवाय तीस वर्षांचं माझं नाव त्या पेटीत होतं. मी बाईंना फोन लावला.

"बाई, तुमच्या पेटीत शेवटच्या खणात आहे तो शिक्का नाही, ठसा आहे."

 त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही जावईबापूंशी बोललात?"

"चोराला विचारून चोरी कळते का?" मी म्हणालो.

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मला मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं होतं. बाई म्हणाल्या, की पेटी आता तिजोरीत सीलबंद आहे आणि समितीची माणसं हजर असल्याशिवाय ती उघडता येत नाही. सोमवारी उघडू. तक्रार आली म्हणजे ती लिहून घ्यावी लागणार, नोकरीचा कागद तोवर थांबवावा लागणार. मला पुन्हा एकदा विचारलं, खात्री आहे ना? मी म्हणालो, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

शनिवार आणि रविवार मी कसे काढले ते मलाच ठाऊक. नोकरीचा कागद थांबला आहे एवढंच जावयाला कळलं होतं, का ते नाही. तो गप्प झाला होता, आणि मला ते गप्प राहणं गुन्हेगाराचं वाटलं. रविवारी दुपारी त्याने माझ्या खुर्चीच्या वर एक बारका दिवा बसवला, उरलेल्या माळेतला. "पेपर वाचताना तुम्ही डोळे बारीक करता," असं म्हणाला. तो वर गेल्यावर मी स्टुलावर चढून त्या दिव्यात कॅमेरा वगैरे आहे का ते पाहिलं.

सोमवारी आम्ही दोघे संग्रहालयात गेलो.  बाईंच्या खोलीत समितीतल्या वकीलबाई आणि एक निवृत्त मास्तर बसले होते. बाईंनी तक्रार वाचून दाखवली. माझं नाव आलं तेव्हा जावयाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. पत्ता चुकलेला माणूस घरावरची पाटी वाचतो, तसं त्याने पाहिलं.

पेटीचं सील तोडलं. बाईंनी शेवटच्या खणातला लाल दगड मखमलीवर ठेवला आणि भिंग माझ्या हातात दिलं. मी वाकलो. पक्षी आत होते. खोल, स्वच्छ, जसे गुरुवारी सकाळी मी पाहिले होते तसेच. माझा विश्वास बसेना, म्हणून बाईंनी मऊ मातीची एक गोळी घेतली आणि त्यावर शिक्का हलकेच दाबला. मातीवर दोन पक्षी उठून आले. हातच्या काकणाला आरसा कशाला?

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मनात पहिला विचार काय यावा? हा परत आणून ठेवला असेल. सीलबंद तिजोरीत, दोन कुलपांच्या आत, कसा ठेवला असेल, हे माझ्या मनाने विचारलंच नाही.

"मग त्यांना पडद्यावर काय दिसलं?" वकीलबाईंनी विचारलं.

जावयाने पिशवीतून कॉम्प्युटर काढला आणि ते चित्र पहिल्यांदाच उघडलं. पाहिलं आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. मग त्याने पडद्यावरचं चित्र सोडून कॅमेऱ्याने काढलेला अगदी पहिला फोटो उघडला, पहिल्या दिव्याचा, आणि शिक्क्यावर न थांबता कडेच्या मण्याकडे बोट नेलं.

"चमक खालच्या अंगाला आहे," तो म्हणाला. "पहिला दिवा वरच्या अंगाला असायला हवा. वाडगा अर्धा फिरलाय."

मग त्याने समितीला शांतपणे समजावून सांगितलं, आणि या खेपेला मला सगळं कळलं. उजेड वरून येतो असं कॉम्प्युटरला सांगितलेलं, आणि तो येत होता खालून. त्यामुळे खड्ड्याची सावली त्याला उंचवट्याची वाटली. जे खोल ते त्याने वर दाखवलं. दगड तोच होता, वाडगा तेवढा उलट्या तोंडाने बसला होता. सदतीस वर्षं मी शिकाऊ पोरांना उजेड डावीकडून आणि वरून म्हणून बजावत आलो, कारण तो खालून आला की खड्डा टेकडीसारखा दिसतो. आणि माझ्या समोर, त्याच फोटोत, मण्यावर ती चमक पांढरीशुभ्र बसली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"वाडगा फिरवला कोणी?" वकीलबाईंनी विचारलं.

जावयाने त्या फोटोकडे पुन्हा पाहिलं. वायर नेहमी डावीकडे असते आणि त्या दिवशी ती उजवीकडे होती, हे त्याला आठवलं असणार. वाडगा कुठल्या तोंडाने बसवायचा ते दाखवणारी कापडाखालची खूण न बघता त्याने काम उरकलं, कारण शिपाई खोळंबला होता, हेही आठवलं असणार. त्या खोलीत माझ्याशिवाय कोण होतं, तेही.

"माझ्याकडूनच झालं असेल," तो म्हणाला. "बसवताना खूण बघायला हवी होती. मी बघितली नाही."

तो माझ्याकडे बघत नव्हता. वकीलबाई लिहायला लागल्या. लिहिता लिहिता म्हणाल्या, की चोरी नाही हे उत्तम झालं, पण हलगर्जीपणा आहेच, आणि दोन हजार वस्तू अशा हातात द्यायच्या का, याचा समितीला विचार करावा लागेल. मास्तरांनी मान हलवली. बाई खिडकीकडे बघायला लागल्या, त्यावरून विचार काय होणार ते मला कळलं.

मी गप्प बसलो असतो तर कोणालाही काही कळलं नसतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण वकीलबाईंचं पेन दोन ओळी पुढे जाईपर्यंत मी खरोखरच गप्प बसलो होतो. त्या दोन ओळींत माझं तीस वर्षांचं नाव शाबूत होतं. आणि जावई दूरच्या शहरात जाणार होता, लेकीला घेऊन.

"वाडगा मी फिरवला," मी म्हणालो.

पेन थांबलं. त्याला हात लावायचं तुम्हाला काय कारण, असं वकीलबाईंनी विचारलं.

"आत ह्यांनी काही लपवलंय का, ते बघायला. हे फोनवर बोलायला गेले होते, तेव्हा. ह्यांच्यावर माझा विश्वास नव्हता."

 लाज वाटली, इतकी, की लाल दगड पेटीत जाऊन पेटी बंद झाली तरी मी रिकाम्या मखमलीकडे बघत राहिलो. बाईंनी मला चहा विचारला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, की यापुढे संग्रहालयाची वस्तू बाहेर जाणार नाही, काम इथेच होईल. आणि किल्ली मागून घेतली.

लेकीला त्याने सांगितलं की दुसऱ्या कोणी, मला माहीत नाही. संध्याकाळी उजेड असतानाच ती खाली आली आणि माझ्यासमोर बसली. ती ओरडली नाही. मला वाटत होतं, ओरडावं.

"रोज अकराला ज्यांचे फोन यायचे, ती त्या लांबच्या कंपनीची माणसं होती," ती म्हणाली. "तो रोज त्यांना थांबा म्हणत होता. मला तुमच्याजवळ राहायचं होतं, म्हणून. बाबा, एकदा विचारायचंत तरी."

 ती उठून गेली.

आठ दिवसांनी नोकरीचा कागद आला. समितीने माझा जबाब ग्राह्य धरला आणि त्याच्यावरचा ठपका काढून घेतला. वाडगा आता संग्रहालयात आहे, काम नसेल तेव्हा त्यावर काचेचं झाकण असतं, आणि जावई रोज दहाला तिथे जातो. लेक इथेच राहणार, हे पक्कं झालं. मी मनाशी वरचा मजला रंगवायचा बेत केला, रंगही ठरवला.

त्या रविवारी ती दोघं सामान बांधायला लागली. इथेच, दोन गल्ल्या सोडून, एक जागा बघितली होती. लेकीने मला ते असं सांगितलं, जणू भाजीला जाऊन येते. सामान फार नव्हतंच. दुपारपर्यंत जिना रिकामा झाला. शेवटी जावई एक खोकं घेऊन खाली उतरला, आणि मी दारात उभा राहिलो. वर दोन खोल्या आहेत, मी एकटा, भाडं कशाला भरता, असं काय काय बोललो. मग जे बोलायचं होतं ते बोललो. माझं चुकलं, असं म्हणालो. आयुष्यात फारसं कधी म्हटलेलं नाही, त्यामुळे ते वाकडंतिकडं आलं.

त्याने खोकं खाली ठेवलं नाही. पण थांबला.

"तुम्ही मला चोर समजलात, ते मी विसरेन, बाबा," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर खरं बोललात, ते नाही विसरणार. पण आता या घरात मी साधा चमचा उचलला, तरी आधी तुम्ही बघताय का ते बघेन. तसं राहता येत नाही."

"मी नाही बघणार आता," मी म्हणालो. "शब्द देतो."

 तो काय म्हणतो ते बघायला मी मान वर केली, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की तो खाली उतरल्यापासून माझे डोळे त्याच्या हातातल्या बंद खोक्यावरच होते.